झोतभट्टी

लोहखनिजातील ऑक्सिजन काढून टाकून त्यापासून द्रवरूप कच्चे लोखंड मिळवणारी, उभ्या बांधणीची आणि अखंड चालणारी भट्टी. ती केवळ धातू वितळवण्याचे साधन आहे, हा समज अपुरा आहे. वर चढणारे वायू आणि खाली सरकणारा घन माल यांच्यात रासायनिक विक्रिया घडवून आणणारे ते एक प्रचंड पात्र आहे.

पोलादी कवच आणि आतून उच्चतापसह विटांचे अस्तर असलेली आधुनिक भट्टी सुमारे ३० मी. उंच असते. तापल्याने फुगणारा माल अडकू नये म्हणून ती तोंडाकडून खाली रुंदावत जाते आणि माल वितळून त्याचे आकारमान घटते तेथून पुन्हा निमुळती होते. सर्वांत खाली द्रव साठवणारा चुल्हा असून त्याच्या वरच्या बाजूस सभोवार बसवलेल्या, पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या तोट्यांतून १,००० ते १,२०० अंश से. तापमानाची हवा दाबाने आत शिरते. ही हवा स्वतंत्र स्टोव्हमध्ये तापवतात आणि त्यासाठी भट्टीच्या तोंडातून बाहेर पडणारा वायूच शुद्ध करून जाळतात. तो कार्बन मोनॉक्साइडमुळे अत्यंत विषारी असल्याने त्याच्या गळतीवर सतत पाळत ठेवावी लागते.

लोहखनिज, त्याच्या भुकटीपासून बनवलेले सिंटर किंवा पेलेट, दगडी कोळशापासून केलेला कोक आणि अभिवाह (अशुद्धी द्रवरूपात वेगळी करणारा पदार्थ) म्हणून चुनखडी हा माल वरून थरांनी भरला जातो. तोट्यांसमोर कोक जळून तापमान २,००० अंशांपलीकडे जाते आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड तप्त कोकच्या संपर्कात येताच त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. हा वायू काही सेकंदांत वर पोहोचतो, तर मालाला खाली उतरण्यास कित्येक तास लागतात, आणि त्या प्रवासात खनिजाचे क्षपण होते, म्हणजे त्यातला ऑक्सिजन निघून जातो. पुढे लोखंडात ४ टक्क्यांच्या आसपास कार्बन विरघळतो व त्याचा वितळणबिंदू बराच खाली येतो. चुनखडीपासून मिळणारा चुना सिलिका व ॲल्युमिना या अशुद्धींशी संयोग पावून द्रवरूप मळी बनवतो. ती हलकी असल्याने लोखंडावर तरंगते, आणि पाण्याने झटकन थंड करून दाणेदार केल्यास सिमेंटसाठी उपयोगी पडते.

कोक येथे केवळ इंधन नसतो. खनिज मऊ पडल्यावर माल तोलून धरण्याचे आणि वायूला वाट मोकळी ठेवण्याचे काम तोच करतो. म्हणून ठिसूळ कोकचा चुरा झाला की झोत अडतो, माल वरच्या वर लटकून राहतो व अचानक घसरला की भट्टीचा तोल बिघडतो. कसबी चालक यामुळे तापमानाइतकेच वायूच्या दाबाकडे लक्ष देतो.

इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बी यांनी १७०९ मध्ये लोणारी कोळशाऐवजी कोक वापरला आणि जेम्स नीलसन यांनी १८२८ मध्ये तापवलेल्या झोताचे पेटंट घेतले. या दोन सुधारणांनी इंधनाचा प्रश्न बदलून टाकला. भारतात जमशेदपूरच्या टाटा कारखान्यातून डिसेंबर १९११ मध्ये पहिले कच्चे लोखंड बाहेर पडले. आज महाराष्ट्रात डोलवी आणि गोव्यात आमोणे येथेही झोतभट्ट्या आहेत. भारतीय लोहखनिजात लोहाचे प्रमाण चांगले असले तरी ॲल्युमिना अधिक असल्याने मळी चिकट होते, आणि देशी कोकक्षम कोळशात राख फार असल्याने मळीचे प्रमाणही वाढते. त्यामुळे डोलोमाइटमधील मॅग्नेशियाने मळी पातळ करणे, कोळसा धुणे आणि त्यात कमी राखेचा आयात कोळसा मिसळणे हे येथील भट्टीचालनाचे अनिवार्य अंग ठरले आहे.