बेरशेवातला ब्लॉक

चौदा वर्षांपूर्वी अलिबागेतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात एक वृद्ध बेने इस्रायल बाई पत्रांचा गठ्ठा घेऊन आल्या. निळी हवाई पत्रे घड्यांवर फाटत आली होती. ती हातची जाण्याआधी प्रती काढून ठेवाव्यात, एवढाच त्यांचा हेतू होता. पत्रे त्यांच्या थोरल्या बहिणीची. ती १९५१ साली नवरा, दोन मुले आणि धाकट्या नणंदेसह मुंबईहून इस्रायलला गेली होती.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. जुने कागद समोर आले की वाचत बसायचे, ही माझी सवय. बाईंच्या परवानगीने ती पत्रे वाचली आणि एका गोष्टीशी अडलो. १९५७च्या पत्रात बेरशेवा शहरात ब्लॉक मिळाल्याची बातमी आहे. आता इथे आपले घर झाले, असे मात्र बहीण १९६४ साली लिहिते. ब्लॉकचे घर व्हायला सात वर्षे का लागली?

घर बदलणे या समाजाला नवे नव्हते. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात पुरुषांचे आणि सात स्त्रियांचे आपण वंशज, अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचा घाणा चालवीत आणि शब्बाथला तो बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. अठराव्या शतकात ते मुंबईकडे सरकू लागले. १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मांडवी भागात मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. पडवी सुटली तरी चाळीची गॅलरी मिळाली. भाषा मराठीच राहिली. पेणकर, रोहेकर, किहिमकर या आडनावांतून गावेही बरोबर आली. तुम्ही कोण, हे चाळीतल्या शेजाऱ्यांना पटवून द्यावे लागले नाही.

इस्रायलमध्ये परिस्थिती वेगळी होती. १९४८ ते १९५१ अखेर त्या देशात सुमारे सात लाख लोक येऊन दाखल झाले आणि तिथली ज्यू लोकसंख्या दुप्पट झाली. एवढ्या माणसांना घरे कुठून आणणार? ‘माबारा’ नावाच्या छावण्या उभ्या राहिल्या. तंबू, पत्र्याच्या खोपट्या, सामाईक नळ. १९५१च्या अखेरीस त्यांत दोन लाखांहून अधिक माणसे राहत होती. हे कुटुंबही बेरशेवाजवळच्या अशाच एका छावणीत सहा वर्षे राहिले. बेरशेवा नेगेव वाळवंटाच्या वेशीवर आहे. पिठात वाळू येते, ही तक्रार पत्रांत वारंवार भेटते.

त्याच सुमारास काही भारतीय कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणे धरले. काम, घर आणि कातडीचा रंग यांवरून भेदभाव होतो, तेव्हा आम्हांला परत पाठवा, अशी त्यांची मागणी होती. १९५२ साली सुमारे दीडशे जण भारतात परतले. त्यांतले बरेच जण पुढे पुन्हा इस्रायलला गेले. बहिणीच्या यजमानांच्याही मनात परतायचे होते. पण मुंबईतली नोकरी सोडलेली, खोलीची पागडी घेऊन झालेली. परतायचे कुठे?

अखेर ‘शिकुन’मध्ये, म्हणजे सरकारने बांधलेल्या वसाहतीत, जागा मिळाली. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नळ आणि शौचकूप घरात, याचा आनंद बहिणीने अर्धे पान भरून लिहिला आहे. चाळीत पहाटे नळावर रांग लावलेल्या बाईलाच तो कळेल. पण गॅलरी नव्हती. जिन्यावर बंद दारे. शेजारी एक बिऱ्हाड मोरोक्कोचे, एक रुमानियाचे. साखर मागायची तर वाटी दाखवायची.

दुसरी अडचण ताटातली. त्या टंचाईच्या काळात तांदूळ महाग आणि दुर्मिळ होता. पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या सूचनेवरून गव्हाच्या पिठाचे भाजलेले दाणे बाजारात आले. लोक त्यांना ‘बेन-गुरियनचा तांदूळ’ म्हणत. कोकणच्या माणसाने त्यावर कालवण ओतायचे! तेही नारळाशिवाय. धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून आमच्या भागात बेने इस्रायलांचे मटण नारळाच्या रसात शिजते. बहीण सुके खोबरे आणि आमसुले मागवत राहते. जागा मिळाल्याबद्दल एलियाहू हन्नबीचा मलिदा करायचा होता. त्याचे पोहे अलिबागेहून कुणाबरोबर तरी गेले, तेव्हा पाच महिन्यांनी तो झाला.

इथवर सारे हळूहळू बसत चालले होते. १९६२ साली मात्र मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना दिल्या. बेने इस्रायल व्यक्तीने इतर ज्यूंशी लग्न करायचे, तर तिच्या आईकडच्या पूर्वजांची जमेल तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. त्याच वर्षी नणंदेचे एका रुमानियन मुलाशी जमले होते. नोंदणी अडली. अलिबागेला पत्र आले: आजी, पणजी, खापरपणजी, मिळतील तेवढी नावे शोध.

प्रश्न एका लग्नाचा राहिला नाही. १९६४च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्रायल जेरुसलेमला जमले आणि धरण्यावर बसले. ऑगस्टमध्ये क्नेसेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, हा विषय आला. बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, ही भूमिका सरकारने मांडली. रब्बींच्या सूचनांतले समाजाचे नावही काढले गेले.

नणंदेचे लग्न त्याच वर्षी झाले. मेहंदी ब्लॉकमध्येच झाली आणि जिन्यावरच्या सगळ्या बायका हात रंगवून गेल्या. घर झाल्याचे वाक्य याच पत्रात आहे.

स्थलांतराच्या कागदपत्रांत जागा वाटपाची तारीख मिळते. त्या तारखेला कुटुंब स्थिरावले, असे आपण धरून चालतो. मीही धरत असे. या गठ्ठ्याने ती सवय मोडली.

गठ्ठ्यात एक कागद हवाई पत्राचा नव्हता. रेघांच्या वहीचे पान, त्यावर नऊ बायकांची नावे आणि प्रत्येकीपुढे तिचे माहेर: रेवदंडा, चौल, पेण. धाकट्या बहिणीने नातलगांची दारे फिरून ती जमवली होती. यादी पुरी होईपर्यंत निकाल लागला, आणि ती पाठवायची वेळच आली नाही. मी बाईंना विचारले, याचीही प्रत काढू का? त्या म्हणाल्या, “तिच्या दोन काढा.”