संगणकीय आरेखनातील लेयर : फिल्मच्या थरापासून फाइलच्या निर्यातीपर्यंत

प्रस्तावना :

संगणकावर इमारतीचा नकाशा काढणारा आरेखक भिंती एका लेयरवर, दारे-खिडक्या दुसऱ्यावर आणि मापे तिसऱ्यावर ठेवतो. ही पद्धत आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिला काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. संगणकीय आरेखनाच्या इतिहासातही यंत्रांची गती व त्रिमितीय प्रतिमा यांनाच मानाचे पान मिळते. प्रस्तुत लेखात लेयर या एकाच संकल्पनेचा मागोवा घेतला आहे. बांधकाम व्यवसायात कोणते काम कोणाचे, याची नोंद लेयरमध्ये दडलेली असते आणि नकाशा एका प्रणालीतून दुसरीत पाठविताना बहुधा हीच नोंद प्रथम पुसली जाते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

फिल्मचे थर :

लेयरचा उगम संगणकात झालेला नाही. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या सायनोटाइप प्रक्रियेतून पुढे ब्लूप्रिंट आली व एका मूळ नकाशाच्या अनेक प्रती काढणे सुलभ झाले. परंतु विजेचा किंवा नळकामाचा नकाशा हवा असल्यास मूळ आराखडा पुन्हा हाताने गिरवावा लागे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मायलारसारखी पॉलिएस्टर फिल्म आरेखनाच्या टेबलावर आली. कागद दमट हवेत फुगतो. ही फिल्म आपले माप फारसे बदलत नाही. त्यामुळे एकावर एक ठेवलेले अनेक ताव अचूक जुळविता येऊ लागले. तावांच्या कडेला छिद्रे पाडून ती टेबलावरील पट्टीच्या खिळ्यांत अडकविली जात. तळाशी मजल्याचा मूळ आराखडा, त्यावर संरचनेचा ताव, त्यावर विजेचा, त्यावर नळकामाचा. हवे तेवढे ताव एकत्र ठेवून छाप काढावयाचा, नको तो उचलून बाजूला ठेवावयाचा. अमेरिकेतील मोठ्या वास्तुकचेऱ्यांत १९७० व १९८० च्या दशकांत ही पद्धत रूढ होती.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक ताव कोणाचा तरी असे. विद्युत अभियंत्याच्या तावावर वास्तुविशारद रेघ ओढत नसे. अर्थात चूक कोणाची, हे ताव पाहूनच कळे.

क्रमांक आणि नावे :

इव्हान सदरलँड यांच्या १९६३ मधील स्केचपॅडचा भर मूळ आकृती व तिच्या आवृत्त्या यांच्यातील संबंधावर होता. तावांची कल्पना व्यापारी प्रणालींनी उचलली. इंटरग्राफच्या व पुढे मायक्रोस्टेशनच्या फाइलमध्ये ६३ स्तर असत व ते क्रमांकाने ओळखले जात. नावांच्या अमर्याद स्तरांची मुभा २००१ मधील आठव्या आवृत्तीने दिली. ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आले. त्यात नावे देता येऊ लागल्यावरही १९९९ पर्यंत नावाची मर्यादा ३१ अक्षरांची होती. त्या वर्षी आलेल्या ऑटोकॅड २००० ने ती २५५ केली. एव्हाना संक्षेपांची सवय पक्की झाली होती.

अमेरिकन वास्तुविशारद संस्थेने १९९० मध्ये लेयरच्या नावांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत 'ए-वॉल' यातील पहिले अक्षर ज्ञानशाखेचे, पुढचा शब्द घटकाचा. १९९८ चे आयएसओ १३५६७ हे मानक अधिक बोलके आहे. त्यात नावाची पहिली दोन अक्षरे जबाबदार पक्षाची, पुढील सहा घटकाची आणि त्यापुढील दोन सादरीकरणाची असतात. भिंत नंतर, भिंतीचा जबाबदार आधी! फिल्मच्या तावाचा मालक येथे नावात येऊन बसला आहे.

निर्यातीचा प्रश्न :

ऑटोकॅडबरोबरच १९८२ मध्ये डीएक्सएफ ही देवाणघेवाणीची फाइल आली. ती साध्या मजकुराची असून संकेतांक व मूल्य अशा जोड्यांनी बनते. संकेतांक ८ नंतर लेयरचे नाव येते, ६२ नंतर रंग. लेयर बंद असल्यास त्याच्या रंगाचा क्रमांक ऋण होतो. गोठविलेला असल्यास संकेतांक ७० मधील एक खूण बदलते. म्हणजे पडद्यावर न दिसणारा लेयरही फाइलसोबत प्रवास करतो व पलीकडचा माणूस तो सहज चालू करू शकतो. कागदावरील छापाची गोष्ट नेमकी उलटी; तेथे बंद लेयर येतच नाही. पीडीएफमध्ये २००३ च्या १.५ आवृत्तीपासून लेयर ठेवता येतात, पण पाठविणाऱ्याने तसा पर्याय निवडला तरच.

खरी हानी मात्र ब्लॉकच्या बाबतीत होते. शून्य लेयरवर रेखाटून ब्लॉक केलेली वस्तू ज्या लेयरवर बसवावी, त्याचे गुण घेते. निर्यातीपूर्वी 'एक्सप्लोड' करून ब्लॉक फोडला की तिच्या रेषा पुन्हा शून्यावर जातात. प्रस्तुत लेखकास एका जुन्या वाड्याच्या मोजणीची फाइल काही वर्षांपूर्वी पाहावयास मिळाली. सर्व रेषा जागच्या जागी होत्या, पण सगळ्याच शून्य लेयरवर. त्यामुळे मूळ सागवानी खांब कोणता व नंतर घातलेला आधार कोणता, हे सांगणे अशक्य झाले. मोजणाऱ्यांना तो फरक निश्चित ठाऊक असणार. दुरुस्तीचा निर्णय ज्यावर अवलंबून, ते ज्ञानच फाइलीतून गळाले होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला निराळे वळण लाभले. पुण्यातील सॉफ्टटेक कंपनीची ऑटोडीसीआर प्रणाली अनेक नगरसंस्थांनी बांधकाम परवानगीसाठी स्वीकारली. भूखंडाची हद्द, मजले, प्रस्तावित बांधकाम हे सारे ठरावीक लेयरवर बंद बहुरेषेने दाखवावे लागते, कारण क्षेत्रफळाची तपासणी संगणक करतो. अनुभवी अधिकारी चुकीच्या लेयरवरील जिनाही जिना म्हणूनच वाचेल. यंत्राकडून ती अपेक्षा करता येत नाही.

रेव्हिटसारख्या प्रणालीत प्रतिकृतीसाठी लेयर नाहीतच; तेथे भिंत ही भिंत म्हणूनच जन्मते. तथापि तिच्यातून डीडब्ल्यूजी फाइल काढावयाची झाल्यास कोणता घटक कोणत्या लेयरवर जाईल, याचा तक्ता भरावा लागतो. त्यासाठी दिलेल्या तयार पर्यायांत अमेरिकन मार्गदर्शिका आणि आयएसओ १३५६७ ही दोन्ही नावे आहेत.