डोक्यातला गुंता कसा सुटला

एखादीला झटका आला की आपण कांदा, चप्पल शोधतो. 'बाहेरची बाधा' म्हणणारीही एखादी असतेच. पण कधीकधी त्यामागे मेंदूतला रक्तवाहिन्यांचा गुंता असतो.

कालव्याचं पाणी चारीतून, पाटातून हळू होत वाफ्यात येतं. थेट घुसलं तर बांध फुटतो. मेंदूतही धमनीतलं जोराचं रक्त बारीक केशवाहिन्यांतून शिरेत जातं. गुंत्यात या केशवाहिन्याच नसतात. मग सगळा जोर वाहिन्यांच्या कमजोर भिंतींवर येतो, आणि कधी त्या फुटतात.

१९२७ साली पोर्तुगालच्या डॉ. मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या एक्स-रेवर दाखवल्या. तरी १९२८ मध्ये अमेरिकेचे नामवंत डॉ. कुशिंग यांना असा गुंता काढणं अशक्यच वाटत होतं. १९३२ मध्ये स्वीडनच्या डॉ. ओलिव्हक्रोना यांनी तो पूर्ण काढला. या शस्त्रक्रियेचा नियम आपल्या ओळखीचाच आहे: आधी येणाऱ्या धमन्या बंद करायच्या, जाणारी शीर सगळ्यात शेवटी.

भारतात १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी हे काम रुजवलं. खर्चासाठी २०१२ मध्ये जीवनदायी योजना अमरावतीसह आठ जिल्ह्यांत आली, नंतर आपल्याकडेही. आज तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना.

प्रत्येक गुंता कापावा लागतोच असं नाही, ते डॉक्टर तपासून ठरवतात. पण त्यासाठी आधी दवाखान्यात पोचायला हवं. झटका आला, किंवा अचानक डोकं फुटल्यासारखं दुखलं, तर बाईला कुशीवर वळवा आणि १०८ लावा. कांदा भाजीलाच राहू द्या.