गोमंतकाचा पाव आणि माडाची माडी

१५१० साली आफोंसो द आल्बुकेर्क याने आदिलशाहीकडून गोवा हस्तगत केला, तेव्हा ज्यांच्या जेवणात गव्हाचा फुगलेला पाव नित्याचा होता असे लोक भाताच्या शेतांच्या आणि पेजेच्या मुलुखात येऊन स्थिरावले. आणि कणीक फुगविण्याचे जे किण्व त्यांना स्वदेशी सहज मिळे, त्याची उणीव अखेर माडाच्या माडीने, म्हणजे गोमंतकात जिला सूर म्हणतात तिने, भरून काढली. चर्चमधील प्रसादाकरिताच हा पाव निर्माण झाला, ही प्रचलित समजूत मात्र मला ग्राह्य वाटत नाही. कारण रोमन विधीतील पवित्र रोटी बिनफुगवलेलीच असते, आणि म्हणून माडीची गरज वेदीला नव्हे, रोजच्या भोजनाला होती. सासष्टीतील माजोर्डा गावी जेजुइट पाद्र्यांनी स्थानिक ख्रिस्ती लोकांना ही विद्या दिली, असे परंपरा सांगते.

माडी काढणारा रेंदेर माडावर चढून पोयीला, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याला, छेद देतो, तेव्हा मडक्यात ठिबकणारा रस निव्वळ गोड असतो. परंतु हवेतील व मडक्यातील सूक्ष्म किण्वे काही तासांतच त्या साखरेचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करू लागतात. अशी फसफसती माडी घालून पीठ मळले, की गव्हातील प्रथिनांच्या चिवट जाळ्यात तो वायू अडकतो, गोळा फुगतो, आणि भट्टीच्या उष्णतेने किण्वे मरून मद्यार्क उडून गेला, तरी पोकळ्या तशाच राहून त्यांभोवतीचे पीठ घट्ट होते. माडी अधिक काळ ठेवली तर तिचा शिरका होतो. म्हणूनच पाव भाजणाऱ्या पोदेराचे रात्रीचे मळणे रेंदेराच्या वेळेशी बांधलेले असे. किण्वन हे सजीवांचे कार्य आहे, हे लुई पाश्चरने १८५७ पासूनच्या प्रयोगांनी सिद्ध केले, त्याच्या कितीतरी आधीपासून पोदेर ही किण्वे रोज कामाला लावीत होते, ही गोष्ट त्यांच्या कसबाबद्दल आदर वाढविणारी आहे.

१८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर गोव्यात माडीवर अबकारीचा अंमल बसला; पुढे रेंदेर विरळ झाले आणि कारखान्यातले यीस्ट स्वस्त व भरवशाचे ठरले. आज उंडो, पोळी, काकण ही पावांची नावे आणि सायकलीवरचा पोदेर टिकून आहेत. पण बहुतेक भट्ट्यांतील पीठ आता माडीने नव्हे, यीस्टने फुगते.