लग्नाचे कर्ज आणि जन्माची चाकरी

गुलामगिरी म्हटली की आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील कापसाचे मळे आणि अब्राहम लिंकन उभे राहतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' अमेरिकन जनतेलाच अर्पण केले. पण त्यांना बोलावयाचे होते ते घरच्या प्रश्नाविषयी.

आसगावच्या शाळेत हा विषय शिकवावयाचा तर आम्ही डहाणू-तलासरीपासून आरंभ करू. तेथील वारली तरुण लग्नापुरते पैसे जमीनदाराकडून उचली, आणि ते फेडण्यापायी नवराबायको दोघेही त्याच्या घरी राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीचा न्यायालयातील आधार काढून घेतला होता खरा. पण गड्याला विकत घेतले होतेच कोणी? वहीत नुसते नाव मांडले होते! व्याज धन्याने लावावयाचे, मजुरीही त्यानेच ठरवावयाची. हे गणित मुलांना फळ्यावर सोडवू द्यावे. ते सुटत नाही, हेच त्याचे उत्तर होय.

मे १९४५ मध्ये झरीच्या परिषदेत शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. पुढे गावोगाव जाऊन लग्नगडी सोडविण्यात आले. १० ऑक्टोबरला तलवाड्यास गोळीबार झाला, त्यात पाच माणसे पडली. तरी वेठ परत आली नाही असे मात्र नाही. घटनेच्या २३ व्या कलमाने बेगारीस बंदी झाली, १९७६ साली स्वतंत्र कायदा झाला, आणि तरीही त्याच ठाणे जिल्ह्यात विवेक व विद्युल्लता पंडित यांना वेठबिगार सोडविण्याचे काम नव्याने हाती घ्यावे लागले.

आपल्या भंडारा जिल्ह्यातील मालगुजारी १९५१ साली गेली. बेगार हा शब्द आपल्याला परका नाही. येथे एक सावधगिरी हवी. पाडव्याला साल ठरवून राहणारा प्रत्येक सालदार गुलाम नव्हे, आणि तसे मुलांना सांगणे हे शिक्षणही नव्हे. उचलीच्या पैशापायी त्याला दुसरीकडे काम धरता येत नाही काय, गाव सोडता येत नाही काय, हे विचारावयास त्यांना शिकवावे. १९७६ चा कायदाही हेच विचारतो. वेठबिगाराचे कर्ज त्या कायद्याने रद्द ठरते, आणि तरीही ते वसूल करणाराला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नववीतल्या मुलाला एवढे ठाऊक असले, तर वीटभट्टीवर गेलेल्या बापाला ते तोच सांगू शकेल.