खुद्रीची चढण : मांजरीच्या नदीकाठचा एक विसरलेला हंगाम

दक्खनच्या नद्यांत माशांची चढण, म्हणजे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट वर जाणे, वसंतात होत नाही. ती मृगाच्या पावसानंतर, पहिल्या पुराबरोबर सुरू होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पट्टेरी बास हा मासा वसंतात अंडी घालायला समुद्रातून हडसन नदीत शिरतो, म्हणून तेथे वसंताकडे डोळे लागतात. पुण्याच्या मुळा-मुठा नदीचा मासा मात्र समुद्र कधीच पाहत नाही. तो उन्हाळाभर डोहांत, म्हणजे नदीपात्रातील न आटणाऱ्या खोल पाण्यात, तग धरतो आणि गढूळ पाण्याचा लोंढा येताच गोट्यांच्या उथळ पात्राकडे व ओढ्यांकडे निघतो.

या माशांची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स या मुंबई सरकारच्या सांख्यिकी अधिकाऱ्याने केली. दक्खनच्या माशांवरील त्याचा निबंध १८३९ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. त्यात त्याने अनेक नव्या जातींना नदीकाठी ऐकलेलीच नावे दिली, आणि हीच त्याची मोठी पुण्याई म्हटली पाहिजे. कारण शिंगटी, मळ्या, कोळस ही मासेमारांच्या तोंडची नावे त्यामुळे लॅटिन नामावलीत जाऊन बसली. चार मिशा, मोठे खवले आणि तांबूस पर असलेल्या महसीर माशाला त्याने खुद्री म्हटले आणि त्याचे ठिकाण ‘मोटा मोला’, म्हणजे मुळा-मुठा नदी, पुण्याच्या पूर्वेस आठ मैल, असे नोंदवले. आठ मैल म्हणजे सुमारे तेरा किलोमीटर. साइक्सने गावाचे नाव दिलेले नाही, तरी जुन्या पुण्यापासून मोजल्यास हे अंतर मांजरी गावाच्या आसपासच्या नदीपात्रात येते. जगभर आज ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचे मूळ ठिकाण असे मांजरीच्या परिसरात असावे, ही गोष्ट या गावाच्या इतिहासात ठळकपणे यायला हवी.

चढणीची वाट पाहणाऱ्यांत भोई समाज प्रमुख होता. पालखी वाहणे, मासे धरणे आणि उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूत खरबूज-कलिंगडाचे वाडे लावणे, असे त्याचे व्यवसाय नदीच्याच वेळापत्रकाला बांधलेले होते. ज्या वाळूत वैशाखात वेल पसरत, तीच मृगानंतर पाण्याखाली जाई आणि वेलांच्या जागी पागजाळे, म्हणजे कडेला शिशाचे मणी ओवलेले, हाताने भिरकावून पसरायचे गोल जाळे, पडू लागे.

माशांच्या चढणीची ही वाट एका दिवसात बंद झाली नाही. बंडगार्डनचा बंधारा पात्रात आडवा आला. त्यानंतर १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि मुठेच्या उगमाकडचा रस्ता तुटला. त्याच धरणाच्या कालव्याने हडपसर-मांजरीच्या शेतांना बारमाही पाणी दिले, ऊस उभा केला. एकाच बांधकामाने गावाला बागायत दिली आणि नदीतून तिचा मासा काढून घेतला, हे दोन्ही सारखेच खरे आहे. पुढे खालच्या अंगाला, भीमेवर, १९८० मध्ये उजनीचे धरण पूर्ण झाले. या सर्वांहून घातक ठरले ते शहराचे मैलापाणी. महसीरची अंडी तळाच्या गोट्यांमध्ये पडतात आणि त्यांना प्राणवायूने भरलेले वाहते पाणी लागते. पुण्याच्या खाली, जलपर्णीने झाकलेल्या संथ आणि काळ्या पाण्यात ते मिळत नाही. तिलापियासारखा बाहेरून आलेला काटक मासा मात्र तेथे तग धरतो.

खुद्री नामशेष झाली नाही, याचे श्रेय काही अंशी इंद्रायणीकाठच्या देहूसारख्या तीर्थक्षेत्री माशांना मिळालेल्या अभयाला आणि काही अंशी लोणावळ्याजवळच्या वळवण येथील टाटांच्या मत्स्यबीज केंद्राला जाते. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चिं. वि. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या केंद्रात पिकलेल्या मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी तबकात उतरवतात, त्यांवर नराचे मिल्ट, म्हणजे शुक्रद्रव, सोडतात आणि पिल्ले फुटेपर्यंत त्यांच्यावरून स्वच्छ पाणी वाहते ठेवतात. मांजरीच्या पात्रात जे काम मृगाचा पूर करीत असे, ते तेथे माणसाचे हात करतात.