वेगळा नळ

माझे कायद्याचे शिक्षण बेळगावात झाले, असे पदवीच्या कागदावर लिहिले आहे. पण मला विचाराल तर कायद्याचा पहिला धडा मी तालुक्यातल्या एका खेड्यात, सार्वजनिक नळापाशी घेतला. साल १९८८. आमच्या महाविद्यालयात मोफत कायदा सल्ल्याचा कक्ष नुकताच सुरू झाला होता. कायद्याच्या विद्यार्थ्यांना अशा कामात घ्यावे, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीने १९७३ सालीच सुचवले होते. पुढे १९७६ साली राज्यघटनेत ३९-अ हे कलम आले आणि गरिबाला मोफत कायदेशीर मदत मिळवून देणे ही शासनाची जबाबदारी ठरली. आमचे सर ही गोष्ट सोपी करून सांगत. वैद्यकीचा विद्यार्थी रुग्णाच्या खाटेपाशी उभा राहिल्याशिवाय डॉक्टर होत नाही, मग वकिलीचा विद्यार्थी नुसत्या पुस्तकांवर वकील कसा होतो, असा त्यांचा सवाल असे.

तक्रार दलित वस्तीतल्या एका वयस्कर बाईंची होती. गाव सगळे मराठी, आणि योगायोगाने माझ्या आत्याचे सासर. कायदा मला तोंडपाठ होता. १९५५चा अस्पृश्यता (अपराध) कायदा, १९७६च्या दुरुस्तीने त्याचे नाव झाले नागरी हक्क संरक्षण कायदा. चौथ्या कलमाप्रमाणे सार्वजनिक पाणवठा वापरू न देणे हा गुन्हा. मी वही उघडली आणि विचारले, "मावशी, पाणी भरायला नको असं कोण म्हणालं?"

"नको कोण म्हणत न्हाई बाबा. थांब म्हंत्यात."

मी वहीत लिहिले : पाणी नाकारलेले नाही. सरांनी ते वाचले आणि वही परत दिली. म्हणाले, "आता पुन्हा जा, आणि त्या थांबण्याचा हिशेब घेऊन ये."

आम्ही दोघे विद्यार्थी सात दिवस पहाटे त्या नळापाशी बसलो. नळ सहाच्या सुमारास यायचा आणि तासाभरात जायचा. आधी गाव भरायचे, शेवटी वस्ती. सातपैकी चार दिवस मावशींची घागर रिकामीच परत गेली. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात धरला नाही. चौथ्या दिवशी रांगेत पुढे माझी आत्या उभी होती. मला पाहून हसली आणि म्हणाली, "अरे, जाताना चहाला ये." उन्हाळ्याच्या सुट्टीत याच नळाचे पाणी मी तिच्या घरी पीत आलो होतो.

त्याच कायद्याचे बारावे कलम मला त्या आठवड्यात समजले. गुन्हा ठरेल असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नव्हते हे दाखवण्याचा भार आरोपीवर. थांबवणारा माणूस कारण कधी सांगत नाही, हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. ते मला ठाऊक नव्हते.

आमचा मराठी अर्ज कानडीत करून आणा म्हणून परत आला. सीमाभागातल्या वाचकांना त्याचे नवल वाटणार नाही. कानडीत करून दिला. दोन महिन्यांनी वस्तीत स्वतंत्र नळ बसला. आम्ही कक्षात पेढे वाटले. सरांनी पेढा घेतला नाही. त्यांनी कपाटातून एक इंग्रजी पुस्तक काढून माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "हे वाच, मग वस्तीत आणखी एकदा जाऊन ये."

पुस्तक अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वकिलांविषयी होते. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात ठरवले होते की, गोऱ्यांचे आणि काळ्यांचे रेल्वेचे डबे वेगळे असले तरी हरकत नाही, मात्र ते समान असावेत. या 'वेगळे पण समान' सूत्रावर पुढे शाळा चालल्या, दवाखाने चालले, पाणी पिण्याचे नळसुद्धा चालले. समान असल्याची खातरजमा मात्र कुणी केली नाही.

ती खातरजमा शिकवणारा माणूस म्हणजे चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात अधिकारी होता. तिथे वर्णभेदाचा जो अनुभव आला, त्यामुळे तो कायद्याकडे वळला आणि हार्वर्डमध्ये शिकला. १९२९ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातील कायदा विद्यालयाची सूत्रे त्याच्याकडे आली. तिथले रात्रीचे वर्ग बंद करून त्याने पूर्णवेळ विद्यालय उभे केले आणि १९३१ साली त्याला मान्यता मिळवली. अन्यायाविरुद्ध लढणारे वकील तयार करायचे, हा त्याचा उघड हेतू होता. त्याने विद्यार्थ्यांना कोर्टकचेऱ्या आणि तुरुंग दाखवले. १९३४ साली तो स्वतः कॅमेरा घेऊन साउथ कॅरोलिनात फिरला आणि काळ्या मुलांच्या शाळांची मोडकी खोपटी आणि गोऱ्यांच्या शाळांच्या पक्क्या इमारती यांचे चलच्चित्र घेऊन आला. कायद्याने 'समान' म्हटले आहे ना, मग मोजून दाखवा, अशी त्याची रीत. मला आमचा सात पहाटांचा हिशेब आठवला.

त्याचा एक विद्यार्थी थर्गूड मार्शल १९३३ साली पहिला आला. दोनच वर्षांनी गुरुशिष्यांनी मिळून मेरीलँड विद्यापीठाच्या कायदा विद्यालयात एका कृष्णवर्णीय पदवीधराला प्रवेश मिळवून दिला. त्या राज्यात काळ्यांसाठी वेगळे कायदा विद्यालयच नव्हते, तेव्हा 'समान' कशाशी म्हणायचे? वरच्या न्यायालयाने १९३६ साली तो निकाल कायम केला.

पण मोजण्यालाही मर्यादा असते. पॉली मरी ही हॉवर्डची विद्यार्थिनी, १९४४च्या वर्गातली एकटी स्त्री. बसमधला वर्णभेद तिने स्वतः सोसला होता, त्यापायी तिला अटकही झाली होती. तिने वर्गात म्हटले की, समानता मोजत बसू नका, वेगळे ठेवण्यालाच हात घाला. वर्ग हसला. प्लेसीचा निकाल पंचवीस वर्षांत उलटेल, अशी दहा डॉलरची पैज तिने आपल्या अध्यापकाशी, स्पॉट्सवुड रॉबिन्सनशी लावली आणि त्यावर निबंध लिहिला. पुढे मोठ्या खटल्याची तयारी करताना रॉबिन्सननेच तो निबंध बाहेर काढला.

दरम्यान जॉर्ज मॅकलॉरिन यांचा खटला आला. साठी ओलांडलेले हे शिक्षक. ओक्लाहोमा विद्यापीठाला त्यांना प्रवेश द्यावा लागला. पण त्यांना बसवले वर्गाशेजारच्या खोलीत. ग्रंथालयात त्यांचे टेबल निराळे, आणि उपाहारगृहात जेवायची वेळ इतरांहून वेगळी. वर्ग तोच, गुरुजी तेच, अन्न तेच, फक्त 'थांब' म्हणायचे. जून १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे अमान्य केले. ह्यूस्टन त्याआधी दीड महिना वारला होता. शेवटी १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात सार्वजनिक शाळांपुरते 'वेगळे पण समान' हे सूत्रच गेले. त्या खटल्याच्या युक्तिवादाची तालीम वकिलांनी हॉवर्डमध्येच केली होती. पॉली मरी पैज जिंकली, तीही दहाच वर्षांत.

हे वाचताना महाड आठवल्याशिवाय कसे राहील? चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ते पाणी प्याले. डिसेंबरात सवर्णांनी दावा लावला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव ही अनादिकाळची रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे. त्या वर्षअखेरच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलेल्या गोष्टीचा आशय असा, की या पाण्यावाचून आम्ही मेलो नव्हतो, आम्हीही माणसे आहोत हे दाखवायला तळ्यावर जायचे आहे. वेगळ्या तळ्याने तो प्रश्न सुटणार नव्हता. दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. अनादिकाळची म्हणून जी रूढी सांगितली ती वादींना सिद्ध करता आली नाही, असे १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले. तोवर बाबासाहेब मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले होते. त्यांच्या विद्यार्थ्यांना कायदा शिकवत होता तो स्वतः त्या दाव्यातला प्रतिवादी!

पुस्तक संपवून मी वस्तीत गेलो. मावशींनी चहा दिला. म्हणाल्या, "पाण्याचं बरं झालं बाबा. पण आता मोठ्या नळावर गेलं तर म्हंत्यात, तुमचा नळ तिकडं हाय न्हवं?"

पूर्वी निदान 'थांब' म्हणत होते. आता 'जा' म्हणायला कारण मिळाले होते, आणि ते आमच्याच अर्जाने मिळवून दिले होते. सरांनी पेढा का घेतला नाही ते मला तेव्हा कळले.

दुसरा अर्ज आम्ही केला नाही. परीक्षा जवळ आली होती, हे खरे. त्या रांगेत माझी आत्या होती, हेही खरे. आत्याच्या घरी मी हा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "त्यांना नळ मिळाला ना? मग आता काय?" माझ्याकडे उत्तर होते, पण मी दिले नाही. आत्या आता नाही, आणि मावशीही नाहीत.

पुढे बरीच वर्षे वकिली केली. आपल्या भाषेतला अर्ज खिडकीवरून परत येतो तेव्हा काय वाटते, ते आपल्या भागात कुणाला सांगावे लागत नाही. तिथेही कुणी 'नको' म्हणत नाही, 'भाषांतर करून आणा' म्हणतात. तो अपमान आपल्याला लगेच ओळखू येतो, कारण त्या रांगेत आपण मागे असतो. नळाच्या रांगेत आपण पुढे होतो. तिथला अपमान दिसायला मला सात पहाटा लागल्या, आणि दिसल्यावरही मी बोललो नाही.

नव्या मुलांना काम शिकवताना मी एवढेच सांगतो. पक्षकाराला 'नको कोण म्हणालं' असे विचारू नका. 'किती वेळ थांबवलं' असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत वही मिटू नका.